दारात आवळा असलेलं घर

मला तपशिलाचं वेड होतं आणि आवाज चढा. शहापूरच्या वाचनालयात शनिवारी दुपारी मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या वार्ताहरांचा वर्ग घ्यायचे. "कोण? कुठे? कशावरून?" हे माझं ओरडणं खालच्या चहावाल्यालाही पाठ झालं होतं. बाईंचा पारा चढला की तो न मागता चहा वर पाठवायचा.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. ठाण्याच्या एका दैनिकात बरीच वर्षं उपसंपादकी करून मी वाशिंदला राहायला आले, तर दैनिकानं या दोन तालुक्यांचं पान माझ्या गळ्यात मारलं. भ्रष्टाचाराची बातमी कशी करायची ते वार्ताहरांना शिकवायचं, त्यांनी लिहिलेलं तपासायचं आणि पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे देऊन ठाण्याच्या वाटेला लावायचं, असं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण इकडे वार्ताहर म्हणजे पेपरचा एजंटही तोच आणि जाहिराती गोळा करणाराही तोच. ज्या ठेकेदाराचा रस्ता वाहून गेला म्हणून लिहायचं, त्याच्याच दारात दिवाळी अंकाची जाहिरात मागायला जायचं. मी आपली फळ्यावर 'निर्भीड' असा शब्द लिहायचे आणि ते सगळे खाली बघायचे.

टोकावड्याचा वार्ताहर वर्गात सगळ्यात कमी बोलायचा. तिशीचा, घरची भातशेती, सकाळी स्टँडवर पेपर विकायचा. मे महिन्यात त्यानं रेशन दुकानाची बातमी आणली. डोंगरातल्या वाडीवरच्या लोकांची रेशनकार्डं दुकानदार स्वतःच्या पिशवीत घालून ठेवायचा. रॉकेल द्यायचा अर्धं आणि कार्डावर लिहायचा पूर्ण. हे सांगणारी बाई वाडीवरचीच होती, विधवा, पदरी दोन लेकरं. ती त्याच दुकानात धान्य निवडायला जायची, म्हणून तिनं पिशवी डोळ्यांनी पाहिली होती.

"बाई, तिचं नाव नको," तो म्हणाला. "तिचं कार्ड त्याच पिशवीत हाय. पावसात ओढा भरला का वाडीवरून खाली यायला नाय मिळत. दुकानदारानं आत्ता धान्य नाय दिलं, तर तिनं चार महिने पोरांना काय घालायचं?"

"नाव नकोच," मी म्हटलं. "पण हे काय लिहिलंयस, 'एका महिलेने सांगितले'? कोण महिला? वाचकाला ती दिसली पाहिजे! तिचं घर दाखव, दार दाखव. नाहीतर उद्या दुकानदार म्हणेल, पेपरवाल्यानं मनानं रचलं."

लाल पेनानं मी समासात 'तपशील!!' असं लिहिलं. दोनदा अधोरेखित केलं. तेव्हा त्या शेऱ्याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

पुढच्या शनिवारी त्यानं नवा मजकूर आणला. शेवटचं घर, दारात आवळ्याचं झाड, खाली बांधलेल्या दोन शेळ्या, एक काळी, एक पांढरी. ओट्यावर बसलेली बाई, तिची बोलण्याची ढब. झकास! मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं, पाकीट बंद केलं आणि चहावाल्याच्या हाती स्टँडवर धाडलं. तो गडी मुरबाडची गाडी पकडून घरी गेला.

वर्ग उठला तरी शहापूरच्या एका साप्ताहिकाचे म्हातारे संपादक बसून राहिले होते. टोपी झटकत म्हणाले, "बाई, एक विचारू? त्या वाडीत घरं किती असतील?"

"असतील पंधरा-वीस."

"आणि शेवटच्या घराच्या दारात आवळा, एक काळी शेळी, एक पांढरी. अशी घरं किती?"

कपाळ माझं! नाव झाकलं आणि पत्ता छापायला दिला. शहरात चाललं असतं ते. तिथे शेजारच्या दारात काय आहे ते कोणाला ठाऊक असतं? इथे शेळीच्या रंगावरून मालक ओळखतात.

स्टँडवर धावले, गाडी गेली होती. टेलिफोनच्या बूथवर रांग होती. माझा नंबर लागेपर्यंत रात्र झाली, लाइन दोनदा तुटली आणि तिसऱ्यांदा डेस्कवरच्या माणसानं सांगितलं, "पाकीट मिळालं बाई, फक्कड बातमी, पान गेलंसुद्धा छपाईला." काढा म्हणून मी विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. आता काही होत नाही म्हणाला. टोकावड्याच्या त्या गड्याकडे फोन नव्हता.

पहाटेची पहिली गाडी धरून मुरबाड आणि तिथून टोकावडे. वाटभर एकच विचार, त्या बाईला काय सांगू? माझ्या हौसेपायी तुझ्या पोरांच्या तोंडचा घास गेला, असं सांगू?

पोचले तेव्हा पेपर येऊन पडले होते. स्टँडसमोरच्या धाब्यावर रोज एकजण पेपर मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे चहा पीत ऐकतात. त्या दिवशी आमचीच बातमी चालली होती. दुकानदार कोपऱ्यात बसला होता. तो कोण ते कोणी सांगायची गरज नव्हती, सगळे त्याच्याकडे चोरून बघत होते. वाचणारा आवळ्यापाशी आला. शेळ्यांपाशी आला आणि थांबला. मग एकेकाची मान माझ्या वार्ताहराकडे वळली. तो गठ्ठ्यातले पेपर मोजत खाली बघत होता.

दुकानदार उठला आणि त्यानं मोटारसायकलला किक मारली. मी वार्ताहराचा दंड धरला. "चल, चल लवकर! तो वाडीवर पोचायच्या आत—"

"वाडीवर नाय जायचा तो," तो म्हणाला. "बघा."

मोटारसायकल डोंगराकडे वळलीच नाही. ती गावात शिरली. आम्ही मागून धावत गेलो. गावाच्या टोकाला शेवटचं घर, दारात आवळा, खाली दोन शेळ्या. ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. ती माझ्या वार्ताहराची आई.

दुकानदार त्यांच्या भावकीतलाच. अंगणातूनच ओरडला, "काकी, पेपरात तू बोललीस?"

"मीच बोलले," म्हातारी म्हणाली. सूप खाली ठेवलं नाही. "दुकानात उभी असते मी. डोळं हायत ना मला."

तो खूप बोलला. घराण्याचं नाक कापलंस म्हणाला, पुन्हा दुकानाची पायरी चढू नकोस म्हणाला. म्हातारी तांदूळ निवडत राहिली.

पुढे पुरवठ्याचे साहेब आले, पिशवी सापडली, वाडीवरची कार्डं ज्याची त्याला मिळाली. त्या विधवेकडे कोणी बोट दाखवलं नाही. म्हातारीला मात्र भावकीनं त्या वर्षी एकाही हळदीचं बोलावणं धाडलं नाही. दुकान महिनाभर बंद राहिलं आणि पुन्हा त्याच दुकानदाराच्या हाती आलं. पावसाळाभर म्हातारीच्या वाट्याचं रॉकेल 'संपलं'च होतं.

मी मात्र भलत्याच पेचात होते. बातमीत एक अक्षर खोटं चालणार नाही, चूक झाली तर दुसऱ्या दिवशी छापून कबूल करायची, हे मीच फळ्यावर लिहिलेलं. इथे घर खोटं होतं, बोलणारी खोटी होती. दुरुस्ती छापावी तर ती विधवा उघडी पडणार. कागद पुढे घेऊन दोन दिवस बसले आणि काही लिहिलं नाही. आजही ती दुरुस्ती माझ्याकडून छापायची राहिली आहे.

बातमी छापून आली त्याच्या पुढच्या शनिवारी वार्ताहराला एकट्याला गाठून मी भडकलेच. "आईला पुढे केलंस? लाज नाही वाटली? तिला निदान विचारायचं तरी!"

"विचारलं ना," तो म्हणाला. "तुमी घर मागत होता, म्हनून आमचंच लिवलं आन् वाचून दाखवलं तिला. पहिलं मी नुसतं शेवटचं घर आन् शेळ्या लिवल्या होत्या. ती बोलली, आवळा पन घाल रे. नायतर तो चुकून वाडीवर जायचा."