आबांचं बहात्तर साल

गेल्या मार्चमध्ये माझे वडील त्यांच्या थोरल्या भावापेक्षा एक वर्षानं मोठे झाले. यात त्यांचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि तो मी चार्टपेपरवर, स्केचपेननं, चारही बाजूंना समास आखून केला होता.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सरांनी सांगितलेलं सगळं मी अगदी सांगितल्याप्रमाणे करते. (बाकीची मुलं असं करत नाहीत, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. तोवर सवय लागली होती.) मी नगरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, इतिहास घेऊन. सरांनी प्रकल्प दिला: कोणतंही एक साल निवडा, त्या सालातल्या आपल्या गावच्या महत्त्वाच्या व्यक्ती आणि घडामोडी शोधा, त्याचा तक्ता गावात लावा आणि लोकांचं म्हणणं लिहून आणा. शेवटी म्हणाले, "ऐकीव गोष्टी नकोत. कागद दाखवा."

मी १९७२ घेतलं. आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडे, कोरड्या रानात. तिकडे बहात्तर साल पुस्तकात शोधावं लागत नाही, ते रोज आमच्या पंगतीला बसलेलं असतं. माझे थोरले चुलते, आबा, त्या दुष्काळातला जन्म. ताटात भाकरीचा तुकडा उरला की आबा सुरू.

"माझ्या आईनं तळ्याच्या कामावर माती वाहिली, तवा मी पोटात हुतो. लाल मिलोची भाकर खाऊन जलमलेली मानसं आमी. आन् तुमाला बाजरीची जात न्हाई व्हय?"

(मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी ज्वारी.) आम्ही मुकाट्यानं तुकडा संपवायचो. आबांचं सगळेच ऐकायचे, कारण ते थोरले. माझे वडील, ज्यांना घरात मीसुद्धा बापूच म्हणते, ते सगळ्यांत जास्त ऐकायचे. आणि माझं कॉलेज या एका खुंटीवर टांगलेलं होतं. बारावीनंतर पहिलं स्थळ आलं, तेव्हा आबा म्हणाले होते, "पोरगी सतरावी हुईस्तवर लग्नाचा विषय न्हाई." (सतरावी म्हणजे एम.ए. आमच्याकडे पहिलीपासून मोजतात.) बापूंच्या मनात होतं लवकर उजवावं, पण थोरल्याचा शब्द. विषय संपला.

तर मी पुरावा शोधायला गावच्या शाळेत गेले. मॅडमनी जुनं रजिस्टर काढून दिलं. त्यात बहात्तर साली जन्मलेले सगळे सापडले, आणि सगळेच्या सगळे एक जूनचे. एकाच दिवशी गावात एवढी बाळंतपणं! मी थरारून गेले. मला वाटलं, ही तर देशपातळीवरची घडामोड आहे. त्या आनंदात मी नावं भराभर उतरवली. त्यात बापूंचं नाव होतं. आबांचं नव्हतं. आबा पुढच्या पानावर होते, एक जून १९७३.

आता कोणालाही वाटेल की इथं मी थांबायला हवं होतं. पण सरांनी कागद म्हटलं होतं, आणि हा कागद होता. आबांच्या आधार कार्डावरही तेच साल होतं. पण आधार कार्ड पत्र्याच्या पेटीत असतं. माझा तक्ता शाळेच्या भिंतीवर लागला.

शाळेला लागून बबनतात्यांची पिठाची गिरणी. दळण होईस्तोवर माणसं काय करणार? तक्ता वाचणार. घडामोडींत मी तळं घेतलं होतं, लाल मिलो घेतला होता, कामावर वाटायच्या सुकडीचं चित्र काढलं होतं. ते कोणी बघितलं नाही. सगळे नावं वाचत होते. संध्याकाळी आबा दळण घेऊन गेले, तर पिठानं पांढरे झालेले बबनतात्या दारातच उभे.

"आबा, बहात्तर सालात तू न्हाईस की रं."

"मी न्हाई, तर मग कोन हाय?"

"बापू हाय. तू त्रेहात्तरचा. तुज्याच पुतनीनं लिवलंय, लाल अक्षरात."

आबांनी तक्ता वरून खालपर्यंत वाचला. मग दळणाचा डबा उचलून घरी आले. दळण न करताच. रात्री मी मुद्दाम ताटात तुकडा ठेवून बघितला. आबा काही बोलले नाहीत. तेव्हा मी खरी घाबरले.

सकाळपासून घर उलटं फिरू लागलं. पहिला चहा आबांना जायचा, मोठ्या आईनं, म्हणजे आबांच्या बायकोनं, तो बापूंपुढे ठेवला आणि माझ्या आईला म्हणाली, "थोरल्या जाऊबाई, आज कालवन कशाचं करू, त्ये सांगा."

आईचा चेहरा पांढरा पडला. तिनं वीस-पंचवीस वर्षांत कालवण ठरवलेलंच नव्हतं. "तुमीच सांगा की, मोठ्या बाई."

"मी कशाची मोठी? भितीवर वाच जा."

मला काय हाक मारावी तेच कळेना. मोठ्या आईला मोठी आई म्हणावं, तर पुराव्याच्या विरुद्ध. काकू म्हणावं, तर लाटणं हातातच होतं.

बापूंना पहिले दोन दिवस बरं वाटलं, हे मी पाहिलं. ते ओट्यावर जरा ऐसपैस बसू लागले. पण बबनतात्यांनी ही बातमी पिठाबरोबर घरोघर पोचवली होती. थोरल्याची कामं बापूंकडे येऊ लागली. एका दहाव्याला पुढं बसायचं, एका लग्नाच्या सुपारीला बोलायचं, बांधाच्या भांडणात दोन्हीकडच्या शिव्या ऐकायच्या. बापू मुळात कमी बोलणारे. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "ह्यो आबा एवढं सगळं करत हुता व्हय?"

आणि पाचव्या दिवशी माझ्यापर्यंत आलं. बबनतात्या स्थळ घेऊन आले. पाथर्डीकडचं, मुलगा नोकरीला.

"आबांचं सतरावीपातूर न्हाई म्हननं हाय," आई म्हणाली.

"आबाचं म्हननं हाय, खरं. पन थोरला कोन?"

बापूंनी विचार करून सांगितलं, "येऊ द्या रविवारी." आबा गोठ्याकडे निघून गेले. मी ज्या फांदीवर बसले होते, ती मी कापली होती, आणि तीही उत्तम अक्षरात.

रविवारला तीन दिवस होते. रजिस्टर लिहिणारे गुरुजी नगरजवळ भिंगारला राहतात, असं मॅडमनी सांगितलं. ते चूक कबूल करतील, लिहून देतील, मी तक्ता बदलेन, आबा पुन्हा थोरले होतील आणि मी पुन्हा कॉलेजात, असा माझा हिशेब. दोघांना कसंबसं तयार केलं. एस.टी.त आमच्या वाट्याला एकच जागा आली.

"आबा, तुमी बसा."

"तू बस. कागदावर तू मोठा."

"आवं, गुडघं तुमचं दुखत्यात."

"त्रेहात्तर सालचं हायेत, टिकत्याल."

दोघं नगरपर्यंत उभे राहिले. मधे मी बसले होते. अख्खी गाडी माझ्याकडे बघत होती.

गुरुजी व्हरांड्यात पेपर वाचत होते. खूप म्हातारे, पण ताठ. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "गुरुजी, एकाच दिवशी एवढी मुलं कशी जन्मली?"

"मी जन्माला घातली," गुरुजी म्हणाले. "तेव्हा जन्माची नोंद कुठली? आई सांगायची, आमची म्हैस मेली त्या साली झाला. म्हैस कधी मेली, हे मी रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहू? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून एक जून."

"आणि साल?"

"उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डावा कान धरायचा. कानाला हात पुरला, तर सहा वर्षं पूर्ण. नाही पुरला, तर पुढच्या वर्षी."

सरांनी आम्हाला ऐतिहासिक साधनांचे प्रकार शिकवले होते. त्यात कान नव्हता.

"धाकटा आईनं थोरल्यासंगं धाडला हुता," बापू म्हणाले. धाकटा म्हणजे ते स्वतः. "मी चार वरसाचा आसंन. गुर्जी म्हनले हात लाव, मी लावला."

बापूंचे हात लांब आहेत. बसल्या जागी त्यांनी करून दाखवलं. कान पुरा मुठीत. मग गुरुजी आबांकडे वळले. "तू?"

आबा उठले. टोपी काढली. हात डोक्यावरून नेला. हात आखूड, डोकं मोठं, त्यात खांदा आखडलेला. बोटं कानाच्या वरच इंचभर थांबली. आबांनी मान वाकडी केली, कंबर वाकवली, एक पाय उचलला. (पाय का, ते मला अजून कळलेलं नाही.) कान काही येईना.

"पुढच्या वर्षी ये," गुरुजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

मला हसू फुटलं. बापूंनाही फुटणार होतं. पण आबा हसले नाहीत.

"आल्तो की गुर्जी, पुढच्या वरसाला," आबा टोपी घालत म्हणाले. "पर तवा ह्यो दुसरीच्या वळीत बसायचा, आन् मी पयलीच्या. पोरं म्हनायची, धाकट्याला इचार की गनित. दोन महिनं बसलो. मग गेलो गुरं राखाय."

मी लहानपणापासून बहात्तर सालच्या शेकडो गोष्टी ऐकल्या होत्या. ही त्यात नव्हती. गुरुजींनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. शेवटी म्हणाले, "लिहून देतो हवं तर, हा थोरला म्हणून. पण आठवत मला काही नाही, पोरी. खोटं लिहून देऊ का?"

मी नको म्हणाले. पुरावा न घेताच आम्ही परतलो. येताना दोन जागा मिळाल्या. तरी बापू उभेच राहिले.

रविवारी पाहुणे आले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन उंबऱ्यात उभी. मुलाच्या वडिलांनी दोन घास पोहे खाल्ले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मग थोरल्यांनी बोलावं."

"थोरलं हे," बबनतात्यांनी बापूंकडे बोट केलं. "कागदावर तसंच हाय."

बापूंनी आबांकडे पाहिलं, आबा जमिनीकडे पाहत होते. मग बापूंनी उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला. पाहुण्यांचा चमचा तसाच राहिला.

"ह्ये मला आलं, म्हनून मी दहावीपातूर शिकलो," बापू कान धरूनच म्हणाले. "ह्याला आलं न्हाई, म्हनून ह्यानं गुरं राखली. आमच्या घरातलं सगळं शिक्शान एवढ्या इंचभरात गेलं बगा. थोरला ह्योच हाय. त्यो म्हनलाय, पोरगी सतरावी शिकंल. तिचा हात पुरतोय तर तिला मागं कशापायी धाडू मी?"

एवढं सलग बापू पहिल्यांदाच बोलले. मला वाटलं पाहुणे आता बशी सरकवून उठणार. मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली आणि स्वतःचा हात डोक्यावरून न्यायला लागले. नीट कानापर्यंत नेऊन त्यांनी समाधानानं मान हलवली.

"मी पन एक जूनच," ते म्हणाले.

मग बबनतात्यांनी हात नेला. त्यांचा पोचला नाही, पण पिठाची एक रेघ डोक्यावरून कानाच्या वरपर्यंत उमटली. मोठ्या आईनं सगळ्यांना दुसरा चहा टाकला, आणि तो सगळ्यांत आधी आबांपुढे आला. पाहुणे जाताना आबांना म्हणाले, "पोरगी शिकू द्या. दोन वरसांनी बघू, आमचा आन् तुमचा योग आसंल तर." त्या रात्री माझ्या ताटात खरोखरच तुकडा उरला, आणि आबांची आई पुन्हा तळ्याच्या कामावर माती वाहू लागली.

मी तक्ता उतरवला. बहात्तर सालच्या महत्त्वाच्या व्यक्तींत सगळ्यांत वर आबांचं नाव घातलं आणि प्रकल्प सरांना दिला. सरांनी तो नीट वाचला. शेरा होता: "मांडणी प्रामाणिक. मुख्य व्यक्तीच्या जन्मसालाला आधार नाही." वीसपैकी अकरा.

घरी आबांनी विचारलं, "किती पडलं?"

"अकरा."

"ईसात?" आबांनी बोटांवर हिशेब केला. "मग तुला अजून लई शिकाय लागंल. दोन वरसं तरी."

तर मी एम.ए.ला जाणार आहे. आणि सरांना सांगायला हरकत नाही, या वेळी माझ्याकडे त्याचा लेखी पुरावा आहे, त्यांच्याच अक्षरात.