झोपू न दिलेला अर्ज
धाड गावच्या बाजारातल्या ऑनलाइन सेंटरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कपाशीवरच्या बोंडअळीच्या नुकसानीचे अर्ज भरताना त्याचा डावा हात गालावर आणि उजवा माउसवर असायचा. काही मिनिटं हात थांबला, तर साइट भरलेलं सगळं पुसून टाकायची.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एक म्हातारी पासबुक घरीच विसरून आली.

"जा माय, घेऊन ये. मी याले झोपू देत नाई," तिच्या अर्ध्या भरलेल्या अर्जाकडे बोट करत तो म्हणाला.

वीजबिलासाठी मागे उभा असलेला मी कुरकुरलो. त्यानं वळूनही पाहिलं नाही. तासभर तो अर्जाची पानं मागे-पुढे करत बसला. त्याच्या चहावर साय धरली.

म्हातारी धापा टाकत आली, तेव्हा त्यानं नुसता हात पुढे केला.

"आन माय. तुहा अर्ज जागाच हाये."