पेटीचं दुसरं टोक

कुणी काही उचलायला लागलं की फौजी उठायचे आणि दुसरं टोक धरायचे. मग ती लोखंडाची सळी असो, खुर्ची असो, नाहीतर चहाचा ट्रे. एकदा चहावाला तीन कप घेऊन दुकानात शिरला, तर यांनी ट्रेची समोरची कड पकडली. ओढाताणीत एक कप माझ्या पँटवर सांडला.

"फौजी, तीन कपाला दोन मानसं कशाला लागतेत?" चहावाला वैतागला.

"पेटी दोघांची असते," फौजी शांतपणे म्हणाले.

हे त्यांचं पालुपद होतं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याच्या एकाच वाक्याला सगळे हसतात आणि त्यामागचं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. मस्तगड भागात माझं लेथ मशीनचं दुकान आहे. लोखंडाच्या कारखान्यांचे शाफ्ट दुरुस्त करता करता कंबर गेली, कान गेले. बायको संध्याकाळी काय बोलते ते निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं ऐकायची ताकद नसते. अशा माणसाने दुसऱ्याची चौकशी कधी करायची?

फौजी पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर तोफेचे गोळे काढलेले होते, मापांसकट. मी घाबरलोच.

"हे काय बनवून मागताय राव? आत घालतील मला."

"खेळन्यातले हायेत मिस्त्री. पस्तिसावा हिस्सा करायचाय. पन बराबर पाहिजे."

पस्तिसावा हिस्सा म्हणजे जाडी तुरीच्या दाण्याहून कमी आणि लांबी बोटाच्या नखाएवढी. हातभर जाडीचे शाफ्ट फिरवणारा मी पितळेच्या काडीशी झटायला लागलो. नाही म्हणण्यापेक्षा करून देणं कमी दमवणारं वाटलं, एवढंच.

फौजी तोफखान्यात नोकरी करून आलेले. मूळचे कुंभार पिंपळगावचे, पण बायको गेल्यावर आमच्या दुकानावरच्या खोलीत एकटेच राहत. तिथे एका फळीवर त्यांनी प्लास्टरचा बर्फाळ डोंगर केला होता. त्यावर एक छोटी तोफ आणि एकच जवान, दोन्ही विकतचे. दारूगोळ्याच्या पेट्या मात्र हाताने केलेल्या. आइस्क्रीमच्या काड्या तासून फळ्या, सुतळीचा एक धागा सोडवून कड्यांच्या दोऱ्या. काडेपेटीच्या निम्म्या आकाराच्या पेटीवर भिंगातून बघत ते नंबर लिहायचे.

"तोफ बाजारात भेटते, रनगाडा भेटतो," ते म्हणायचे. "पेटी बराबर भेटत न्हाई. पेटीकडं कोनी बघतच न्हाई ना."

मी पितळी गोळे घासूनपुसून नेऊन दिले. त्यांनी एक उचलला, उलटा केला आणि बुडाला भिंग लावलं.

"मिस्त्री, हे चाललेले हायेत."

मला कळेना. मग त्यांनी दाखवलं. प्रत्येक गोळ्याच्या बुडाला मधोमध बारीक खळगा होता. लेथवर काम सरळ फिरावं म्हणून सळीच्या टोकाला टोचा मारायचा, ही माझी तीस वर्षांची सवय. आणि तोफेत गोळा डागताना तोफेची सुई त्याच्या बुडाला नेमका तिथेच टोचा मारते. मी त्यांना डागून झालेला माल दिला होता.

"एवढुसा खळगा कुणाला दिसणार आहे?" मी म्हणालो. खरं तर मी कंटाळलो होतो.

"आमची पेटी चाललीच न्हाई," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पुढचं बोलले.

पेटीला दोन कड्या असतात, दोघांनी धरायच्या. यांचा जोडीदार मंठ्याजवळच्या एका गावचा. वरच्या चौकीवर असताना एके सकाळी फौजींच्या अंगात ताप होता. "तू हो म्होरं, मी आलोच," असं म्हणून ते पांघरूण घेऊन पडले. जोडीदार एकटाच पेटी ओढत निघाला. ओझ्यामुळे चाल मंदावली, आणि समोरून आलेल्या गोळ्यात तो उघड्यावरच सापडला आणि जागीच गेला. पेटी तशीच भरलेली राहिली.

"त्याच्या घरी सांगितलं?"

"हे बराबर झालं की घेऊन जातो. वहिनीला दाखवूनच सांगतो."

मी सगळे गोळे पुन्हा केले, बुडाला गुळगुळीत. पण फौजी काही मंठ्याकडे गेले नाहीत. कधी दोरी जाड वाटली, कधी बर्फ पिवळा पडला, कधी नंबर पुसला. मी चिडवायचो, "फौजी, खरी लढाई यापेक्षा लवकर संपली असती." ते हसायचे आणि रंग खरवडून पुन्हा द्यायचे. पेटीत काही कमी नव्हतं, हे मला कळत होतं. त्यांना हात धरून बसमध्ये बसवायला हवं होतं. मी ते केलं नाही, आज-उद्या करत राहिलो. माझाच मला राग येतो.

गेल्या हिवाळ्यात फौजी झोपेतच गेले. मुलगा पुण्याहून आला. खोली रिकामी करताना त्याने विचारलं, "काका, ही फळी ठेवता का?"

चार दिवसांनी मी ती काचेच्या पेटीत बसवून मंठ्याच्या बसमध्ये बसलो. शेजारचा म्हणाला, "देखावा का? पन गनपती कुठंय?" दीड-दोन तासांत जोडीदाराच्या घरी पोचलो. एवढ्याच रस्त्यासाठी या माणसाने इतकी वर्षं घालवली.

वहिनींनी पाणी दिलं. त्यांनी बर्फावरचा एकटा जवान पाहिला. त्याने पेटीची एक कडी उचललेली, दुसरं टोक बर्फात टेकलेलं. मी चाचरत सगळं सांगून टाकलं, तापासकट.

वहिनींनी काचेवरून त्या टेकलेल्या टोकावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ह्यांला कोनी हात लावलेला चालतच नव्हता. कापसाचं गाठोडं बी एकटेच उचलायचे. म्या धराया गेले की खेकसायचे. त्या दिवशी फौजी भावजी संगं आले असते तरी ह्यांनी धरू दिलं नसतं." त्यांनी पदराने काच पुसली. "एवढं सांगाया यायचं होतं त्यांनी. म्या काय खाल्लं असतं का त्यांला?"

फौजी वर्षानुवर्षं पेट्या तासत होते, आणि हे वाक्य इथे ठेवलेलं होतं.

वहिनींनी कपाटावरचे डबे हलवून जागा केली. मी काचेची पेटी उचलायला वाकलो. वजन काहीच नव्हतं, एका हाताने उचलली असती.

"थांबा वो मिस्त्री," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.