दहापैकी पावणेसहा

भाषेचे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची गुण देण्याची सवय काही निवृत्त झाली नव्हती. सहाच्या वर त्यांचा हात जात नसे. सात म्हणजे निष्काळजीपणा आणि दहा म्हणजे तपासणाऱ्याला डुलकी लागली, असं त्यांचं ठाम मत. शाळा सुटल्यावर ही तपासणी घरी आली. पाऊस, जावई, पत्नीच्या, म्हणजे साऱ्या गल्लीच्या काकूंच्या हातचा चहा, सगळं सहाच्या आत.

अशा माणसाचा गुडघा बदलायचं ठरलं. दोघांचं संध्याकाळचं बागेत फिरणं गुडघ्यापायी बंद पडलं होतं, आणि घरी बसून सर भिंतीवरच्या घड्याळाच्याही चुका काढू लागले होते. शस्त्रक्रिया काकूंच्या तब्येतीसाठीही आवश्यक होती.

आदल्या संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टरनी विचारलं, "काका, भीती किती वाटतेय? दहापैकी सांगा."

"हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे."

"तरी पण?"

"दोन," म्हणून सरांनी मघाशीच पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. सकाळी स्ट्रेचर आलं तेव्हा मात्र त्यांनी काकूंचा हात असा काही धरला, की ढकलणारा म्हणाला, "आजोबा, आज्जींना आत घेता येणार नाही हो."

शस्त्रक्रिया उत्तम झाली. भूल उतरली तसा गुडघा बोलू लागला. बोलू कसला, बोंबलू लागला.

"दुखणं दहापैकी किती, काका?"

सरांनी डोळे मिटून विचार केला. दहा म्हणजे परिपूर्ण दुखणं. ते पाहिलंय कुणी? आणि आत्ताच नऊ देऊन बसलो, तर याहून सरस काही आलं म्हणजे काय द्यायचं?

"साडेपाच."

"वा, छान सोसताय की!" सिस्टर साधी गोळी देऊन गेल्या. पुढच्या फेरीला सर मोठ्या मनाने पावणेसहापर्यंत आले. पुन्हा तीच गोळी.

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणारा तरुण आला. त्यानं पाय जरासा वाकवताच सरांनी पलंगाची कड आवळली. पाय लाकडासारखा ताठ.

"काका, आत्ता नाही वाकवला तर गुडघा आखडेल. मग बाग राहू दे, जिन्याची पण मारामार."

"जमणार नाही," सर म्हणाले. हे उत्तर त्यांनी आयुष्यात कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा आळ त्यांनी चष्म्यावर घातला.

सिस्टर गोंधळल्या. "पण दुखणं तर पावणेसहाच आहे ना?"

नेमक्या तेव्हाच काकू चहाचा थर्मास घेऊन आत येत होत्या. "किती?" त्या जागच्या जागी थांबल्या. "अहो सिस्टर, या माणसानं लग्नाच्या दिवशी मला पाच दिले होते! आणि तेव्हा मी त्यांना आवडलेही होते. पावणेसहा म्हणजे जीव चाललाय त्यांचा!"

"अगं, निकष म्हणून काही..."

"चुलीत घाला तुमचे निकष. दुखतंय का?"

"फार," सर म्हणाले.

हा शब्द ते मुलांच्या निबंधात अतिशयोक्ती म्हणून खोडत आले होते.

सिस्टर हसू दाबत डॉक्टरांशी बोलून आल्या आणि इंजेक्शन देता देता म्हणाल्या, "काका, इथे कुणी पास-नापास होत नाही. औषध किती द्यायचं, ते कळावं म्हणून विचारतो." सरांना हा मुद्दा पटला. थोड्या वेळाने तर तो फारच पटला. ते घोरू लागले.

संध्याकाळी गुडघा वाकला. कुरकुरत, पण वाकला. वॉकर धरून सर खिडकीपर्यंत गेले आणि खालच्या रस्त्यावर माणसं नुसतीच चालताहेत, हे बराच वेळ कौतुकाने पाहत राहिले.

"आता दुखणं किती?" सिस्टरनी विचारलं.

"तीन. तुमच्या मापाने."

काकूंनी कपात चहा ओतून दिला. सरांनी एक घोट घेतला.

"दहा," ते म्हणाले.

काकूंच्या हातातलं थर्मासचं झाकण खाली पडलं. "सिस्टर, अहो, जरा बघा हो यांना! इंजेक्शन जास्त झालंय."

सिस्टरनी लगबगीनं नाडी पाहिली. "काका, शुद्धीवर आहात ना?"

"पूर्ण," सर म्हणाले आणि उरलेला चहा संपवून रिकामा कप पुढे केला. "निकाल जाहीर झालाय. फेरतपासणी नाही."