इवायांचा ऋण आयन

आमच्या व्याह्यांइतका विद्वान माणूस केज तालुक्यात आजवर झाला नाही आणि पुढं होण्याचीही काही लक्षणं दिसत नाहीत, हे मी दूध सोसायटीचा चेअरमन या नात्यानं, म्हणजे विद्वत्तेशी दुरूनही संबंध नसताना, छातीठोकपणे सांगतो. ते माझ्या लेकीचे सासरे. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात, म्हणून ते सगळ्यांचेच इवाई. त्यांची सारी नोकरी एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली. तिथं अणू भयंकर वेगानं पळवायचं एक लांबलचक यंत्र होतं, आणि त्या यंत्रात सोडायचा माल तयार करणारी भट्टी इवायांच्या ताब्यात होती. त्या मालाला ऋण आयन म्हणतात. म्हणजे अणू साधाच, पण त्याच्या अंगावर एक इलेक्ट्रॉन जादा. हे मी आज एवढ्या झटक्यात सांगतो आहे, पण त्यासाठी माझे कान किती झिजले ते माझं मला माहीत.

त्यांच्या पत्नी शकूताई आमच्याच गावच्या लेक. माहेरी आल्या की बायका विचारायच्या, "शके, तुझा मालक करतो तरी काय गं?" त्या म्हणायच्या, "काय की बाई. लई बारीक काम हाय म्हनं." याच्या पलीकडं त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही असं नाही, पण इवाई दर वेळी म्हणायचे, "घाईत समजायचं नाही, एकदा निवांत सांगतो." तो निवांतपणा आलाच नाही. निवृत्ती तोंडावर आली असताना शकूताई गेल्या. इवाई मग शहरातलं घर पोरावर सोपवून इथं आले, शकूताईंच्या वाटणीच्या तुकड्यावर दोन खोल्या बांधल्या आणि पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, "चेअरमन, तिला सांगायचं राहिलं. तिच्या गावातल्या एका तरी माणसाला समजलं पाहिजे मी जन्मभर काय केलं ते." एवढीच इच्छा. पण ती पुरी करायची म्हणजे कुणीतरी ऐकून घ्यायला हवं, आणि आमच्या गावात ऐकून घ्यायची पद्धत नाही.

त्यात माणूस विक्षिप्त. जन्म गेला निर्वात नळ्या सांभाळण्यात. तिथं हवेचा एक कण आत शिरला तरी आयनाचा निकाल. त्यामुळं जगात जिथं म्हणून दोन वस्तू जोडलेल्या आहेत तिथं त्यांचा संशय. मुलीला बघायला आले तेव्हा मुलीकडं न बघता ते स्वयंपाकघराकडं कान लावून बसले, आणि पोह्यांचा पहिला घास घेऊन म्हणाले, "कुकरची रिंग गळते आहे." आमच्या मंडळींना वाटलं, स्थळ नाकारायची ही शहरी तऱ्हा, त्या आत जाऊन रडल्या. खरं तर तो होकार होता. बोटाच्या चरबीनं निर्वात बिघडतो म्हणून पेल्याला ते अजूनही रुमालानंच धरतात, आणि लग्नात अक्षता टाकतानासुद्धा त्यांचा हात जरा अडखळलाच.

माणसांची पारख करायची त्यांची रीतही त्या भट्टीतूनच आलेली. त्या भट्टीत सीझियम नावाचा धातू लागतो. भलताच उदार, समोर येईल त्याला आपला इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो. म्हणून कुणाची फार स्तुती करायची असली की इवाई म्हणणार, "तो माणूस म्हणजे सीझियम." नायट्रोजन म्हणजे एकटा असताना कुणाचं काही न घेणारा मानी गडी, जोडीला कार्बन दिला तरच घेतो. मला ते क्लोरीन म्हणत. पाणी शुद्ध करणारा या अर्थानं मी ते बरेच दिवस मिरवलं. क्लोरीन दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, हे पुढं आमच्या जावयानं हसत हसत सांगितलं. सीझियमला पाणी लागलं की स्फोट होतो, हे ऐकल्यावर मात्र मी म्हणालो, "मग बिनधास्त आणा की इकडं. पाणी आहेच कुठं?" त्यावर इवाई इतके हसले की रुमाल सोडून पेला चक्क हातानं धरला.

गावाला समजावून सांगायचा पहिला प्रयत्न त्यांनी सोसायटीच्या सभागृहात केला. फळ्यावर स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'ऋण : निर्मिती, जोपासना व उपयोग. सर्वांनी यावे.' सर्वजण आले. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं आली, केजहून दोन जिपा भरून आल्या, खिडक्यांत पोरं लटकली. इवायांनी खडू रुमालात धरला. म्हणाले, "ऋण फार नाजूक असतं. वाटेत जराशी धडक बसली, की ते आपोआप सुटतं." टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून एकानं उठून विचारलं, "सायेब, धडक कुटं द्यायची? तहसीलला का ब्यांकेत?" आणि दुसरा म्हणाला, "आदी अर्जाचं सांगा बे." हे प्रकरण हायड्रोजनबद्दल आहे हे कळल्यावर सभागृह असं रिकामं झालं की खाली राहिल्या त्या फक्त चपला, त्याही घाईत बदललेल्या. इवाई फळा पुसत म्हणाले, "शब्दच चुकीचा निवडला कुणीतरी." त्यानंतर ते दिसले की लोक रस्ता बदलायचे. एवढा मोठा माणूस पारावर एकटा बसलेला बघून मला फार वाईट वाटायचं.

पुढं पाऊस सलग चुकला. सोसायटीनं माळावर गुरांची छावणी घातली. तिथल्या विहिरीत तळाशी पाणी होतं, आणि काठाखालच्या कट्ट्यावरची मोटार ते ओढून हौदात टाकायची. एके दिवशी सकाळीच मोटारीनं दगा दिला. चालू केली की दोन चुळा टाकायची आणि नुसती घरघर. केजहून आलेल्या मिस्त्रीनं व्हॉल्व्ह बदलला, पॅकिंग बदललं, पाइप हातानं चाचपून ओली जागा शोधली. कुठंच ओल नाही. दुपार कलली. गुरं रिकाम्या हौदाला तोंड लावून हंबरायला लागली, आणि दोघा-तिघांनी दावी सोडून बाजाराची वाट धरायची भाषा केली. तेवढ्यात इवाई आले. उभ्या उभ्या म्हणाले, "ओलं काय शोधता? हा ओढणारा पाइप आहे. इथं पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. उदबत्ती आणा."

उदबत्ती म्हटल्याबरोबर माणसं समजायचं ते समजली. एकानं नारळ आणला, एकीनं हळदीकुंकू. इवाई मोटार चालू ठेवून पाइपाच्या एकेका जोडाजवळून उदबत्ती फिरवू लागले, तसे लोक हात जोडून उभे राहिले. धूर सरळ वर जात होता. एका बाकापाशी, म्हणजे पाइपाच्या वळणावरच्या जोडापाशी, तो वाकला आणि पाइपातच शिरला. "हीच ती गळती!" म्हणून इवाई असे ओरडले की मागच्यानं दचकून नारळ फोडला. मिस्त्रीनं तिथं साबण थापला, सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली, आणि हौदात पाण्याची धार पडली. पाणी कशानं आलं, उदबत्तीनं की नारळानं, यावर गावात अजून दोन पार्ट्या आहेत. मी चेअरमन असल्यामुळं दोन्हींत आहे.

सगळे म्हणाले, "इवाई, काय पायजे ते मागा." इवाई म्हणाले, "अर्धा तास ऐका."

मग काय, बसले सगळे. गुरं पाणी पीत होती आणि इवाई उभे राहून सांगत होते. या वेळी त्यांनी फळा घेतला नाही. म्हणाले, "समजा, एक अणू आहे. एकटा असला तर त्याला कुणी ओढत नाही, तो जागचा हलत नाही. त्याला आम्ही एक इलेक्ट्रॉन जोडून देतो. त्या जोडीदारामुळं यंत्राच्या मधली विजेनं भारलेली टाकी त्याला ओढून घेते, आणि तो सुसाट निघतो. टाकीत एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. त्यातून आरपार जाताना जोडीदार गळून पडतो, अंगचेही काही इलेक्ट्रॉन जातात. आता त्याचा भार उलटा झाला. ज्या टाकीनं ओढलं, तीच त्याला पुढं ढकलते. एकाच जोरात दोनदा पळतो!"

"आमच्या चेअरमनवानीच की," एकजण म्हणाला. "मतदानापतूर वढतो, मंग ढकलतो." सगळे हसले. इवाईही हसले, कारण उदाहरण बरोबर होतं.

गयाबाई तेवढी हसली नाही. धनगरवाड्यावरची म्हातारी, शकूताईंची लहानपणची मैत्रीण. दोन म्हशी घेऊन छावणीत राहिली होती. तिनं विचारलं, "इवाई, आन त्यो जोडीदार? ज्यानं मधापतूर आनलं त्यो? त्येचं पुढं काय झालं?"

इवाई म्हणाले, "तो तिथंच राहतो, बाई. टाकीच्या भिंतीत मुरतो. आम्ही पुढं गेलेल्याचं मोजमाप घेतो. त्याच्याकडं कुणी बघत नाही."

"कावून? का बगत न्हाई कुनी?"

इवायांनी रुमाल काढला, पण पेला धरायला नाही. म्हणाले, "गयाबाई, एवढी वर्षं त्या भट्टीपाशी काढली, हे मला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तिनं विचारलं असतं. तिला मी सांगितलंच नाही." गयाबाईनं पदरानं एक दगड पुसला आणि म्हणाली, "बसा हितं."

पुढच्या पावसाळ्यात पाणी झालं, छावणी उठली, गुरं आपापल्या गोठ्यात गेली. विहिरीवरच्या त्या दिवसापासून इवायांनी ऋण आयनाचं नाव काढलं नाही. आता संध्याकाळी पारावर बसून ते शकूताईंचं सांगतात. यंत्र बंद पडलं की त्या दोन वेळचा डबा घेऊन प्रयोगशाळेच्या फाटकावर कशा उभ्या राहायच्या, आत येऊ देत नाहीत म्हणून बाहेरूनच "झालं का हो सुरू?" कसं विचारायच्या. मधूनच गयाबाई त्यांना अडवते, "अशी नसंल म्हनली ती, तिची बोली मला म्हाईत हाय," आणि इवाई निमूटपणे वाक्य सुधारून घेतात. पारावर बसायला जागा उरत नाही. त्यांचं सांगून होईपर्यंत हल्ली कुणी उठत नाही.