सहा इंचाचे चौकोन

गेली बावीस वर्षं मी जिंतूरकडच्या एका शाळेत मसावि शिकवतोय. दोन संख्यांना ज्या मोठ्यात मोठ्या संख्येनं पूर्ण भाग जातो, ती काढायची. पोरं दोननं भागतात, तीननं भागतात आणि कंटाळून मध्येच थांबतात. अशा वहीवर मी लाल पेनानं लिहायचो, ‘पुढचं कोण भागणार, तुझा मामा?’

बायको जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायची. सगळे चौकोन सारखे हवेत, कडेला अर्धा तुकडा आलेला तिला खपायचा नाही. त्यासाठी ती दोन दोऱ्या घ्यायची, एक वाकळीच्या लांबीची, एक रुंदीची. जी लांब असेल तिच्यातून दुसरीएवढा तुकडा कापून टाकायची. असं दोन्ही सारख्या होईपर्यंत. उरली तेवढी चौकोनाची बाजू. हा चक्क मसावि होता, पण मी तिला तसं कधी म्हटलं नाही. एकदा तिनं पाहुण्यांसमोर माझं गणित दुरुस्त केलं होतं, तर मी आठवडाभर अबोला धरला होता.

गेल्या वर्षी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं. लेक गरोदर होती. तिच्यासाठी एक वाकळ पुरी करायची, एवढंच बायकोनं मनात धरलं. खाली वाकून दोऱ्या मांडणं जमेना, म्हणून तिनं मला विचारलं, “चौऱ्याऐंशी इंच लांब, साठ रुंद. चौकोन केवढा धरू?”

मी पेपर तपासत होतो. दोननं भागलं, तीननं भागलं. “सहा,” म्हणालो.

तिनं एकशे चाळीस तुकडे कापले. चार दिवसांनी फळ्यासमोर माझ्या लक्षात आलं, अजून एकदा दोननं भाग जात होता. बारा. पस्तीस तुकड्यांत भागलं असतं. घरी आलो तर ती उशीला टेकून टाके घालत होती. मी चहा करून दिला आणि काही बोललो नाही. लाज वाटली, दुसरं काही नाही. आज आठवलं की जीव तुटतो.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी चार ओळी राहिल्या होत्या. बोटांत सुई धरवत नव्हती. तेव्हा कुठं मी म्हणालो, “माझं चुकलं गं. बारा होतं.”

“ठाव हाय मला,” ती म्हणाली. “पयल्याच दिशी कळलं. पर सांगितलं असतं तर तुमी रुसून बसला असता. तेवढे दिवस न्हवते माज्यापाशी.”