भावोजींचं आठ फांद्यांचं झाड

या जगातली कुठलीही वस्तू आठ भागांत चिरल्याशिवाय कळत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि नेमका तोच माझ्या ताईने नवरा म्हणून पसंत केला. भावोजी अंबरनाथच्या एका कंपनीत सीटी स्कॅनच्या सपाट फोटोंपासून शरीराचं त्रिमितीय चित्र उभं करणारं सॉफ्टवेअर लिहितात. त्या कामात त्यांना ऑक्ट्री भेटली, म्हणजे आठ फांद्यांचं झाड, आणि तेव्हापासून ते दुसरं काही बोलत नाहीत. सगळं चित्र एका चौकोनी डब्यात ठेवायचं. तीन दिशांनी तीनदा सुरी फिरवली की आठ छोटे डबे. जो पूर्ण रिकामा किंवा पूर्ण भरलेला, त्याला पुन्हा हात लावायचा नाही. ज्यात थोडं हे, थोडं ते, तोच परत आठांत चिरायचा. एवढंच. पण हे त्यांनी दूधवाल्यालाही समजावलं, आणि तो आता पिशवी दाराला अडकवून पळतो.

उल्हासनगरला ताईसाठी कपाट घ्यायला गेलो, तर भावोजी कपाटात डोकं घालून हाताने हवा कापत बसले. अर्ध्या तासाने सिंधी दुकानदार शांतपणे म्हणाला, "साईं, लेना है कि काटना है?" एकदा ताईच्या कानातली कुडी हरवली. भावोजींनी त्यांच्या बेलवलीच्या फ्लॅटचे आठ डबे पाडले, चार जमिनीलगत, चार छताकडे, आणि मला स्टुलावर चढवून वरचे चार तपासायला लावले.

"पंख्यावर कुडी कशी जाईल?" मी म्हणालो.

"बघितल्याशिवाय रिकामा म्हणायचं नाही," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत अख्खं घर रिकामं ठरलं. कुडी त्यांच्याच शर्टाच्या खिशात निघाली. "शोधणारा माणूसही डब्यातच असतो," असं त्यांनी गंभीरपणे वहीत लिहून ठेवलं.

गेल्या वर्षी आईच्या फुप्फुसात गाठ दिसली. डॉक्टर ऑपरेशन म्हणाले, आई नको म्हणाली. "आत सगळंच नासलं असेल. उगाच उघडू नका." दोन दिवस ती कुणाचं ऐकेना. तिसऱ्या दिवशी भावोजी लॅपटॉप घेऊन तिच्याशेजारी बसले. पडद्यावर तिच्या स्कॅनमधून उभं केलेलं तिचं फुप्फुस होतं. ते एकेक डबा विझवत गेले. "आई, हा स्वच्छ. हाही स्वच्छ." डबे लहान होत होत शेवटी वाटाण्याएवढा एक ठिपका उरला. "एवढंच आहे. बाकी सगळ्या तुम्ही ठणठणीत आहात."

आईने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "जावईबापू, मग एवढंच काढायला सांगा त्यांना."

ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ भावोजी बाहेरच्या बाकावर आईचा चष्मा हातात धरून बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "होईल ना हो नीट?" ते शर्टाच्या टोकाने चष्म्याची काच पुसत राहिले. डॉक्टर येऊन गाठ पूर्ण निघाल्याचं सांगून गेले, तेव्हा चष्मा माझ्या हातात देऊन ते जिन्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

आई आता रोज सकाळी चालायला जाते. जिन्यातलं ते रडणं तिला मी अजून सांगितलेलं नाही. भावोजीच म्हणाले, नको सांगू.